धोंड्याचा महिना

विमान कंपनीच्या खिडकीत बसलेल्या श्रेयानं पासपोर्टची पानं परत पहिल्यापासून उलटली आणि एका शिक्क्यावर बोट ठेवलं.

"काकू, तुम्ही भारतात कधी आलात?"

"मागच्या आषाढात. गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "आल्या आल्या चार दिवसांत हे गेले. आता शुक्रवारी वर्षश्राद्ध झालं. वर्षाच्या आत परत ये म्हणून लेकीनं बजावलं होतं, म्हणून लगोलग निघाले."

चिकलठाण्याच्या विमानतळावर संध्याकाळी अशी कितीशी गर्दी असणार. मागं उभा असलेला एक जण दुसऱ्या खिडकीकडे सरकला.

"काकू, शिक्का आठ जुलैचा आहे. आज तीन ऑगस्ट. वर्ष उलटून सव्वीस दिवस झाले."

"असं कसं? तिथी तर दहा-अकरा दिवस अलीकडंच येते."

"यंदा धोंड्याचा महिना होता ना," श्रेया हळूच म्हणाली. "ज्येष्ठ दोन झाले, तिथी पुढं गेली. आमच्या भाऊजींना जेवायला बोलावलं होतं."

मीनाक्षीबाईंनी बोटांवर महिने मोजले. गुरुजी म्हणाले होते, लेकीकडं जायची घाई असेल तर आधी उरकू, शास्त्रात सोय आहे. बाईंनीच ठासून सांगितलं होतं, ह्यांचं वर्ष पुरतं भरू द्या. जन्मभर तारखा हेमचंद्रांनी सांभाळल्या. गॅसच्या नंबरापासून पासपोर्टापर्यंत सगळं त्यांच्या डायरीत, बाईंच्या वाट्याला फक्त सणवार. ते असते तर ही चूक झालीच नसती. पण ते असते, तर थांबायचं तरी कशाला होतं!

त्यांनी पर्समधून हेमचंद्रांचा मृत्यूचा दाखला काढून पुढं ठेवला. श्रेयानं तो नीट वाचला, मुंबईच्या ऑफिसला फोन लावला, बराच वेळ हं, हं केलं आणि मान हलवली.

"वर्षाहून जास्त बाहेर राहिलं की नुसत्या ग्रीन कार्डावर आम्हाला बसवता येत नाही. मुंबईच्या वकिलातीत अर्ज करावा लागंल. हा दाखला तिथं चालंल कदाचित."

"किती दिवस?"

"काही महिने."

सईचे दिवस महिनाअखेर भरत होते. पहिलंच बाळंतपण, आणि माहेर म्हणायला आता एकटी आई. बाईंना फार रडू आलं, पण परक्या पोरीसमोर कुठं रडायचं म्हणून त्या बॅगेचा पट्टा आवळत राहिल्या. बॅगेत कपड्यांपेक्षा डिंकाच्या लाडवांचेच डबे जास्त होते.

फोन वाजला. तिकडं सकाळ झाली होती.

"आई, बसलीस का विमानात?"

मीनाक्षीबाई बाकड्यावर बसल्या.

"सई, कागद-पेन आहे का जवळ?"

"का गं?"

"डिंकाचे लाडू सांगते, लिहून घे."



"आई, तू येते आहेस ना?"

"लिही," बाई म्हणाल्या. "आधी डिंक तळायचा. आच मंद ठेव. आणि एकदम सगळा टाकू नको, थोडा थोडा टाक."