दाणेदार छत

उशीवर पडलेला कण मोहरीपेक्षा मोठा आणि मसुरीपेक्षा लहान होता. एक बाजू धुरकट, आणि जिथून तो सुटला ती बाजू स्वच्छ पांढरी. मी तो दोन नखांत धरला. नीट दाबायच्या आधीच त्याचं पीठ झालं.

बाबांच्या खोलीचं छत दाणेदार आहे. ते त्यांनीच केलं. जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा केला, आणि आपल्या घरात हौसेने हे छत: खडूची पूड आणि गोंद कालवून, ओल्या थरावर स्पंज थापून उठवलेले दाणे. लोकांकडे ते वरून रंगाचा हात देत. इथे दिला नाही. रंगाने दाण्यांची सावली मरते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे या छताला कधी ओलं फडकं लावता आलं नाही. आई होती तोवर काठीला मऊ झाडू बांधून जळमटं काढायची, आणि बाबा खाली उभं राहून "दाबू नकोस, दाबू नकोस" म्हणायचे.

आता बाबांची फुफ्फुसं थकली आहेत. डॉक्टरांनी वाफ द्यायला सांगितलं आणि धुळीपासून जपायला सांगितलं. वाफेचं यंत्र मी पलंगाशेजारी ठेवलं. त्याने त्यांना आराम पडतो. मानेच्या ताणलेल्या शिरा सैल होताना दिसतात. पण वाफ वर जाते, रंग नसलेल्या छतात मुरते, गोंद सुटतो आणि दाणे खाली येतात. मग खोकला. खोकला आला की पुन्हा वाफ. हे सगळं मला कुणालाही नीट समजावून सांगता येतं. थांबवता येत नाही.

धाकटा भाऊ फोनवर एकच म्हणतो, त्यांना इकडे आण. त्याच्याकडे खालची खोली रिकामी आहे. मी दर वेळी "बघू" म्हणते. बाबा एकदा तिथे राहून आले आणि म्हणाले, "त्याचं छत इतकं गुळगुळीत, नजर घसरून खाली पडते." आई गेल्यावर त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं होतं, मला या खोलीतून हलवू नकोस. मी हो म्हटलं होतं. म्हणून मनाशी ठरवलं, आधी छत साफ करून बघायचं. त्याने तग धरला तर बाबा इथेच राहतील. नाही धरला तर काय, ते वाक्य मी मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं.

मदतीला भावजय आली. आम्ही पलंगावर प्लास्टिक अंथरलं आणि बाबांना मास्क लावून चाकाच्या खुर्चीत बसवलं. स्वयंपाकघरात जायला ते तयार होईनात, म्हणून खुर्ची दारातच ठेवावी लागली.

"ताई, तुमचं वजन मी पेलीन," शिडी धरत भावजय म्हणाली, "पण मागून बाबांची नजर आहे ना, ती पेलवत नाही."

"शिडी धर, तोंड आवर," बाबा मास्कच्या आतून म्हणाले.

मी खिडकीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला मऊ ब्रश लावून तो छताला जेमतेम टेकवत नेला. जळमटं गेली, काजळी गेली, दाणे जागच्या जागी राहिले. मागे उजळ पट्टा दिसू लागला.

"बघ," बाबा म्हणाले, "हलायचं नाव नाही."

मलाही तेवढा वेळ तसं वाटलं.

पलंगाच्या वर डाग जुना होता, ब्रशने जाईना. रोलरवर चिकटपट्टी उलटी गुंडाळून मी तो हलकेच फिरवला. खाली घेतला तेव्हा रोलर पांढरा झाला होता आणि वर तेवढाच राखाडी स्लॅब उघडा पडला होता.

हात जड आहे तुझा, आईचा हलका होता, असं बाबांनी सुनावलं. मी रोलर ठेवून पुन्हा ब्रश घेतला. मग ब्रश न टेकवता नुसती नळी धरली. ती जवळ जायच्या आधीच दाणे सुटू लागले. प्लास्टिकवर बारीक टपटप होत राहिली.

बाबांनी रोलर मागून घेतला. एक दाणा काढून अंगठ्याने बोटावर चोळला, बोटाकडे पाहिलं आणि ते मांडीवरच्या पांघरुणाला पुसलं.

"पट्टी फार चिकट आहे," ते म्हणाले. पुढचं खोकल्यात गेलं.

खोकला थांबेना. भावजयीने यंत्र दारापाशी ओढलं, पण बटणावर बोट ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी शिडीवरून उतरले, बाबांचा मास्क खाली केला आणि बटण दाबलं. वाफ निघाली. बाबांच्या तोंडावरून वर गेली, दाराच्या चौकटीखालून खोलीत शिरली आणि छताकडे निघाली. आम्ही तिघंही मान वर करून तिच्याकडे बघत होतो.

श्वास जरा बसल्यावर बाबा म्हणाले, नवे दाणे लावू. मी सांगतो तसं तू कालव. मी म्हटलं, कालवीन, पण आधी जुनं सगळं खरवडावं लागेल, आणि ती धूळ घरभर होईल. यातलं त्यांना काही नवीन नव्हतं.

"मग रंग मार," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. पण रंगाला धरायला खाली काहीतरी घट्ट लागतं. इथे पहिल्याच हाताबरोबर सगळं उतरून आलं असतं. मी त्यांच्या बाहीवरची पूड झटकत राहिले.

"बोल की," बाबा म्हणाले. "बघू म्हणू नकोस."

"बाबा," मी म्हटलं, "या खोलीत तुम्हाला मी आता ठेवू शकत नाही. मी तुम्हाला धाकट्याकडे नेतेय."