दोनदा बरं

परीक्षेला निघताना तुम्ही बगलेत चापाचा पुठ्ठा मारून नेता ना मित्रांनो, तोच मी. एक जुना पुठ्ठा. तुम्ही आता त्याला पॅड म्हणता. म्हणा बापडे! पण माझी ताई मला पुठ्ठाच म्हणायची आणि मला तेच नाव आवडतं. माझा रंग उडालाय, एक कोपरा भिजून फुगलाय आणि उजव्या कडेला जांभळ्या शाईचा डाग आहे. पुसून पुसून ताईची बोटं दुखली, पण तो डाग गेला नाही. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचा भुसा भिजवला, शिजवला, गरम पत्र्यांमध्ये दाबला की झाला पुठ्ठा, त्यात मोठेपणा काही नाही. चाप बसवणारी बाई शेजारणीशी गप्पा मारत होती, म्हणून माझा चाप जरा तिरका बसला. दुकानात कुणी मला हात लावेना. शेवटी एका शाळकरी मुलीच्या वडिलांनी घाईत, न बघताच मला उचललं. घरी येईपर्यंत ती मुलगी फुरंगटून बसली होती.

"बाबा, हा वाकडा आहे."

"अगं, कागद धरतो ना? मग झालं तर."

तीच माझी ताई. तिच्या सगळ्या परीक्षा माझ्या पाठीवर झाल्या. कंटाळा आला की ती कर्कटकाने माझ्यावर फुलं कोरायची, ती अजून आहेत. पुढे ती नोकरीला लागली तेव्हा लोकांनी नव्या कोऱ्या फायली घेतल्या, हिने मला पिशवीत टाकलं.

तिची नोकरी जरा वेगळीच होती. दवाखान्यात पडलेली माणसं, एकटी राहणारी म्हातारी, ज्यांना नीट बोलता येत नाही किंवा ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही अशी माणसं, यांच्याजवळ बसायचं. त्यांना काय हवंय ते विचारायचं आणि डॉक्टर, अधिकारी, घरचे यांच्यासमोर ते जसंच्या तसं मांडायचं. ती दवाखान्याची नव्हती, सरकारी कचेरीची नव्हती, नातेवाइकांचीही नव्हती. वॉर्डातले लोक तिला "मधली बाई" म्हणायचे. ती हसून म्हणायची, "मधली नाही हो, मी यांच्या बाजूची."

लिहायची तिची एक पद्धत होती. माणूस बोलला तेच लिहायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. मग कागद वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "हेच ना?" समोरच्याने मान डोलावली तरच खाली तारीख टाकायची. एका आजोबांना संध्याकाळी सहालाच झोपेची गोळी देत, म्हणजे वॉर्ड कसा शांत. आजोबांना मात्र रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या होत्या. ताईने तीन वेळा लिहिलं, चार वेळा ती भांडली आणि गोळी नऊ वाजता झाली. आजोबांनी जाताना माझ्यावर थाप मारली. "वकील बरा आहे तुझा," ते ताईला म्हणाले. काय सांगू मित्रांनो, मी नुसता फुगलो! पाण्याने नव्हे, अभिमानाने.

सुरुवातीला ताईबरोबर कचेरीत आणखी तिघं होती. एकेक करून ती कमी झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. शेवटी ताई एकटी उरली आणि तिच्या यादीत चोपन्न माणसं. ती चालता चालता डबा खायची.

अशा वेळी शिवणवाल्या आजी आल्या. नवरा नाही, मूलबाळ नाही. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेलेला. एका सकाळी उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला, "बरं."

"अगदी गरीब पेशंट आहे हो," सिस्टर ताईला म्हणाल्या. "काहीही विचारा, बरं म्हणतात."

ताईच्या कपाळावर आठी पडली. ती खाटेशेजारी बसली. "आजी, पाणी हवंय?" बरं. "आजी, पाणी नकोय?" बरं. ताईने पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि एकदम विचारलं, "आजी, तुमचं नाक कापू का?"

"बरं बरं!" आजी डाव्या हाताने तिला झटकत म्हणाल्या. आणि अर्ध्या तोंडाने हसल्या.

तिथून ताईने पिच्छा सोडला नाही. अकरा दिवस ती येत राहिली. तिला कळलं की आजींचं बरं एक नाही. तुटक "बरं" म्हणजे ऐकलं, पुढे बोल. लांबवलेलं "बरंऽऽ" म्हणजे हो. आणि दोनदा "बरं बरं" म्हणजे नको, साफ नको. आजींचा पुतण्या भेटायला आला तेव्हा ताईने त्यालाही विचारून घेतलं.

"काकू पहिल्यापासून तशीच आहे," तो म्हणाला. "कुणी नको ते काम आणलं की 'बरं बरं' म्हणून मशीनकडे तोंड फिरवायची. समोरचा गपगुमान कापड घेऊन निघायचा." सांगताना त्यालाही हसू आलं.

प्रश्न असा होता की आजींना पाठवायचं कुठे. त्यांची तळमजल्यावर भाड्याची एक खोली होती, खिडकीशी शिवणयंत्र होतं. दिवसातून दोनदा मदतीला बाई आली तर तिथे त्यांचं निभलं असतं. दुसरी वाट म्हणजे अशा माणसांना ठेवायचं गावाबाहेरचं केंद्र, चाळीस खाटांचं. पुतण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. काकू एकटी पडली, पाय घसरला तर, या धास्तीने त्याला झोप येत नव्हती. केंद्रच योग्य, असं तो म्हणायचा आणि तोही खोटं बोलत नव्हता.

ताईने आजींना विचारलं, "केंद्रात?" "बरं बरं." "घरी?" "बरंऽऽऽ!" शेजारच्या खाटेवरची बाई दचकून जागी झाली. ताईने तीन बरंचे तीन अर्थ मोठ्या अक्षरांत लिहिले, खाली लिहिलं, "आजींना स्वतःच्या घरी जायचं आहे," आणि वाचून दाखवलं. "हेच ना?" आजींनी डाव्या हाताने कागद चाचपला. त्यांचे डोळे भरून आले होते.

याचा निर्णय करायची मीटिंग गुरुवारी दुपारी तीनला ठरली. सकाळी ताईला दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं. बुधवारी जाताना तिने मला आजींच्या उशाशी ठेवलं. "सिस्टर, मी उद्या अडीचलाच येते. पण उशीर झालाच तर हा कागद साहेबांना दाखवा. एवढं कराच."

आणि मित्रांनो, मीटिंग झाली सकाळी साडेदहाला. डॉक्टरांना दुपारी बाहेर जायचं होतं म्हणून. ताईच्या कचेरीत फोन वाजला, पण उचलायला तिथे होतं कोण! निरोप दिलेल्या सिस्टरांची त्या दिवशी सुट्टी होती. नव्या सिस्टरनी आजींना चाकाच्या खुर्चीत बसवलं. आजींनी डाव्या हाताने मला ओढून मांडीवर घेतलं. मला वाटलं, चला, आपण तरी वेळेवर पोचतोय.

खोलीत डॉक्टर, पुतण्या आणि अधिकारी साहेब होते. साहेब माणूस वाईट नव्हता. उलट वाकून गोड आवाजात म्हणाला, "द्या आजी इकडे, मांडीला जड होईल." आजी सोडेनात. त्याने हळूच त्यांची बोटं सोडवली. "अरे वा, पॅड बरं झालं, लिहायला टेकू नव्हताच." आणि माझा चाप दाबून त्याने ताईच्या कागदावर आपला फॉर्म सरकवला. खाली काय लिहिलंय ते पाहिलंसुद्धा नाही.

मी काय करणार होतो? माझा धर्म एकच, कागद धरायचा. मी दोन्ही कागद सारखेच घट्ट धरले. याची लाज मला आजही वाटते.

"आजी, केंद्रात छान बाग आहे. जायचं ना?"

"बरं बरं."

"ऐकलंत डॉक्टर? दोनदा म्हणाल्या."

आजी बावरल्या. त्यांनी माझ्याकडे हात केला, "बरं बरं, बरं बरं," मान हलवत, घशाच्या शिरा ताणून. सिस्टरना वाटलं चहा हवाय. त्यांनी कप पुढे केला. मग आजींनी पुतण्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं मित्रांनो! त्या खोलीत त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

साहेबाने जोर देऊन लिहिलं. त्याचं एकेक अक्षर माझ्या पाठीत रुतलं. मग आजींचा डावा अंगठा शाईत बुडवला. आजींनी हात मागे खेचला आणि अंगठा कागदावरून घसरून माझ्या कडेवर उमटला. "असू दे, असू दे, पुन्हा घेऊ," साहेब मायेने म्हणाला. दुसऱ्यांदा सिस्टरनी मनगट धरलं.

ताई बरोबर अडीचला आली. खाट रिकामी, चादर नवी. मी उशाजवळ, तिचा कागद माझ्यावर तसाच. तिला आधी काही उमजेना. मग तिने मला खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. तिच्या मोठ्या अक्षरांवर वरच्या कागदाचे वळ उठले होते. ती बोट फिरवत ते वाचत गेली, "रुग्णाने... दोन वेळा... स्पष्ट होकार दिला." "आजींना स्वतःच्या घरी जायचं आहे" या ओळीवरूनच ते वाक्य गेलं होतं. ताई तिथेच जमिनीवर बसली आणि मला पोटाशी धरून रडली.

तिने अर्ज केला, कागद जोडला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, रुग्णाचा होकार नोंदलेला आहे, विषय बंद. तोवर खोली दुसऱ्या कुणाला दिली गेली होती आणि यंत्रही हललं होतं. ताई मला घेऊन केंद्रात गेली. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आजी, मी आलेय. काही हवंय का?"

काही नाही. तुटक नाही, लांब नाही, दोनदाही नाही. ताई तासभर बसली. उरलेला तो एक शब्दही आजींनी टाकून दिला होता. केंद्राच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, "शांत आहेत. तक्रार नाही." ताईने माझ्यावर कोरा कागद लावला, तारीख टाकली आणि कागद तसाच ठेवला.

पुढच्या खेपेला त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं.

ताईची कचेरी वर्षभरात बंद पडली. आता ती कुठल्याशा दुकानात कामाला जाते. मी तिच्या घरात खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचलेला असतो. वारा सुटला की ती येऊन मला नीट बसवते. तिची बोटं त्या जांभळ्या डागावरून जातात.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात, शेजारी, दवाखान्यात कुणी धड बोलू शकत नसेल तर त्याच्या तोंडून तुम्हाला सोयीचं उत्तर काढू नका. बसा जरा. पुन्हा विचारा. आणि ज्याला अर्थ माहीत आहे त्याने निदान बुटाच्या नाडीत तोंड खुपसू नये.

एवढं सांगितल्यावर तुम्ही आत्ता माना डोलावून बरं म्हणालात. एकदा म्हणालात की दोनदा, ते मी नीट ऐकलं आहे.