मौनातला फोन

आषाढ सरत आला तरी सुमतीबाईंच्या उपवासाच्या डब्यांना यंदा कुणी विचारेना. एरवी श्रावणी सोमवारांची भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आत्तापासून ठरलेला असायचा. रोडपालीच्या त्यांच्या ओट्यावरून डबे पार न्हावा शेव्याच्या ऑफिसांपर्यंत जायचे. असंच राहिलं तर श्रावणानंतर डबे बंदच करावे लागणार होते. देवाचंच काही आपल्या हातून चुकलं असेल, असं धरून त्यांनी जपाची एक माळ वाढवली.

उलगडा झाला तो द्रोणागिरीच्या एका गोदामात काम करणाऱ्या मितालीच्या फोनने. तिने चाचरतच विचारलं, तुमचं चालू आहे ना? सगळे वापरतात त्या सर्च इंजिनवर 'कायमचे बंद' असं येत होतं. तिने सहज दुसऱ्यावर शोधलं, तर तिथे नंबरासकट सगळं जागच्या जागी.

सुमतीबाईंच्या यजमानांनी, अविनाशरावांनी, दोन्ही उघडून पाहिली. "एकाने आपलं श्राद्ध उरकलंय," ते म्हणाले, "आणि दुसऱ्याला कुणी कळवलंच नाहीये."

शुभ बोला, एवढंच सुमतीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सून अनुया ऑफिसातून आली. तिने सांगितलं की ही सर्च इंजिनवाली मंडळी कधीकधी मशीनकडून फोन करवतात, दुकान चालू आहे का ते विचारायला. तसा काही आला होता का?

आला होता. सकाळची पूजा होईपर्यंत सुमतीबाईंचं मौन असे. लग्न होऊन या घरात आल्यापासून ते कधी मोडलं नव्हतं. वाजणारा फोन कापणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी तो कानाला लावला होता. मनात जप चालू, त्यामुळे पलीकडची बाई काय म्हणाली ते काही डोक्यात शिरलं नाही. पण गोड बोलत होती बिचारी, म्हणून यांनी मान डोलावली.

"आई, मशीनला मान डोलावलीत?" अनुया म्हणाली, आणि मग तिघंही हसली.

अनुयाने लगेच तक्रार नोंदवली. खात्री करायला पुन्हा फोन येईल, असं उत्तर आलं. कधी, ते नाही. अविनाशरावांनी फोन स्वतःच्या खिशात ठेवला, सकाळचं फिरणंही सोडलं. तरी सुमतीबाईंच्या मनाला घोर होताच. नेमकी वेळ आलीच तर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि देव्हाऱ्यापुढे आधीच माफी मागून ठेवली.

फोन आला तेव्हा अविनाशराव अंगाला साबण लावून न्हाणीघरात होते. समई लागलेली, पूजा अर्धी. सुमतीबाईंनी हात पुसून फोन उचलला. तीच गोड बाई. या वेळी त्यांनी शब्दन् शब्द ऐकला. 'चालू आहे' हे शब्द अगदी ओठांवर आलेले.

"आपला व्यवसाय चालू असल्यास एक दाबा," बाई म्हणाली.

सुमतीबाईंनी ओठ मिटले. बोटाने एक दाबला. बाईने आभार मानले. इतकंच? एवढ्यासाठी देवाला कशाला कष्ट दिले, असं वाटून त्यांना देव्हाऱ्यासमोरच हसू फुटलं. पुढची फुलं त्यांनी अगदी सावकाश वाहिली.

आरती झाली, तीर्थ घेऊन झालं, मग कुठे त्या न्हाणीघराच्या बाजूला वळल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आवरलं असेल तर बाहेर या. श्राद्ध रद्द झालं. भगर आणायला जायचंय."