उताराला उभे तास

लढाई संपली आणि सरकारनं परत आलेल्या जवानांना जमीन दिली. जमीन कसली, टेकडीचा एक झुडपी उतार. तोडा, उपटा, जाळा आणि मग त्याला खुशाल शेत म्हणा. कॅप्टननं खटपट करून आपल्या हाताखालच्या सगळ्यांना एकाच उतारावर पट्टे मिळवून दिले. सगळ्यात वर त्याचा स्वतःचा, त्याच्याखाली एकेकाचे, आणि तळाशी, ओढ्याला लागून, ढेकळाचा.

ढेकूळ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पलटणीत शेतकऱ्याच्या पोटचा तो एकटाच, म्हणून बाकीच्या शहरी पोरांनी ते चिकटवलं आणि पुढे त्याच्या बायकोच्या तोंडीही तेच बसलं. त्याचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबला आणि मेला तेव्हा मूठभर मातीही त्याच्या मालकीची नव्हती. त्यामुळे पट्टा ताब्यात आला त्या दिवशी ढेकूळ बांधावर बसून माती हुंगत राहिला. "अहो, पुरे आता, लोक बघतायत," बायको म्हणाली, पण तिनंही हळूच एक चिमूट उचलून पाहिली.

झाडांची खोडं उपटता उपटता दोघांच्या हातांची सालं निघाली. साखळी मुळाला बांधायची, ट्रॅक्टरनं ओढायची, मूळ तुटलं की कुदळ घेऊन खड्ड्यात उतरायचं. शेवटी सगळा उतार उघडाबोडका झाला आणि नांगरणीची वेळ आली. ट्रॅक्टर सगळ्यांत मिळून एकच, आणि तो चालवणार कॅप्टन.

कॅप्टन माणूस सोन्यासारखा, पण वाकडी रांग दिसली की त्याचं डोकं फिरायचं. त्यानं टेकडीच्या माथ्यावरून थेट ओढ्यापर्यंत दोऱ्या ताणल्या, एक डोळा मिटून खुंट्या सारख्या केल्या आणि जाहीर केलं की नांगराचे तास, म्हणजे चर, वरपासून खालपर्यंत, सगळ्या पट्ट्यांमधून, एका रेघेत जातील. उताराला आडवं नांगरायचं, म्हणजे प्रत्येक तास पाण्याला अडवतो, हे ढेकळानं बापाच्या मागे चालता चालता पाहिलं होतं. उभा तास म्हणजे पाण्याला हातानं दाखवलेली वाट.

"जा आणि सांगा त्यांना," बायको म्हणाली.

"सांगतो."

"सांगतो नाही. आत्ता जा."

तो गेला. पण ज्या माणसानं आपल्याला नदीतून खांद्यावर घालून पलीकडे नेलं, गोळ्या चालू असताना नेलं, त्याला 'तुमचं चुकतंय' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? कॅप्टन घामानं निथळत खुंटी ठोकत होता. ढेकळाला पाहून तो लहान मुलासारखा हसला.

"ये रे ढेकूळ. तू खालून बघितलंस ना? कशी दिसतेय रांग?"

ढेकूळ घरी परतला तेव्हा बायको दारातच होती.

"बोललात?"

"बोललो."

"काय?"

त्यानं चपला काढल्या, पुन्हा घातल्या. "छान दिसतेय म्हणालो."

"मग आता आपली माती ओढ्यात जाऊन छान दिसेल," ती म्हणाली आणि आत गेली.

नांगरणी झाली, पेरणी झाली. पीक वीतभर वर आलं तेव्हा बघायला लांबून लोक यायचे. उतारावर हिरव्या रेघा अशा पडल्या होत्या की नाव ठेवायला जागा नव्हती. ढेकूळ मात्र वर ढग दिसला की जेवण अर्धं टाकून बाहेर यायचा.

तो पाऊस भरदुपारी आला. थोड्याच वेळात एकेका तासाचा पाट झाला आणि सगळे पाट तळाच्या पट्ट्याकडे धावले. ढेकूळ फावडं घेऊन धावला. बायकोनं जुनी खोडं ओढून आडवी टाकली, त्यावर दगड रचले. पाणी आधी दगडांमागे तुंबलं, मग वरून आलं, मग खोडांसकट सगळंच घेऊन गेलं. फावडं हातात धरून बघत राहण्यापलीकडे त्याला काही करता येईना. इतका लाचार तो लढाईतही झाला नव्हता. तिथे निदान जमिनीवर पालथं पडता येत होतं.

पाऊस थांबल्यावर सगळे त्याच्या पट्ट्यात जमले, कारण जे वाहून आलं ते तिथेच आलं होतं. चांगली माती ओढ्यानं नेली होती आणि पिकावर घोटाभर खडी पसरली होती. बायकोनं टोपली आणली आणि ती एका कडेनं खडी वेचायला लागली.

कॅप्टन सगळ्यांत शेवटी खाली उतरला. चेहरा पांढराफटक. तो सरळ ढेकळासमोर येऊन उभा राहिला.

"तू शेतकऱ्याचा मुलगा आहेस. खरं सांग. माझ्यामुळे झालं का हे? तास उभे काढले म्हणून?"

बायकोचा हात थांबला. बाकीचेही बघत होते. आता एक 'हो' म्हणायचं, बस, पुढच्या वर्षी तरी माती वाचेल, हे ढेकळाला अगदी स्वच्छ कळत होतं. पण कॅप्टनचा खालचा ओठ थरथरत होता आणि तो ओठ बघवेना.

"नाही साहेब," तो म्हणाला. "पाऊसच तसा होता. त्याला कोण काय करणार?"

कॅप्टननं मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला, आवाज परत आला. "मलाही तेच वाटत होतं. काही हरकत नाही. खडी वेचू, पुन्हा नांगरू. होते तसेच तास काढू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ढेकळानंही डोलावली.

बायकोनं भरलेली टोपली उचलली, होती तिथेच शेतात उपडी केली आणि ती घराकडे चालू लागली.