मागच्या खोलीपर्यंत नेट

राग माझ्या नाकावर असतो, असं माझा नवरा येईल-जाईल त्याला सांगायचा. तो गेला, राग राहिला. मी जन्मभर शाळेत खेळाची शिक्षिका होते. तिथे राग आला की पोरांना मैदानाला चक्कर मारायला लावायची आणि विषय संपायचा. घरात तशी सोय नाही. आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर काही बोलत नाही. त्याऐवजी वस्तू आणतात. नवरा चुकला की माझ्यासाठी पंखा आणायचा. मुलाने पहिली नोकरी सोडली हे आम्हाला तो नवा मिक्सर घेऊन दारात उभा राहिला तेव्हा कळलं. मिक्सर एवढा मोठा होता की बातमी वाईट असणार हे मी खोकं बघूनच ओळखलं होतं.

त्यामुळे माझ्या खोलीत वस्तू यायला लागल्या तेव्हाच मला समजायला हवं होतं.

माझी खोली म्हणजे घरामागे, अंगणाच्या पार टोकाला असलेलं नवऱ्याचं वर्कशॉप. तिथे तो पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करायचा. वर पत्रा, भिंतींना अजून ग्रीसचा वास. माझे गुडघे जिना चढेनासे झाले आणि खालच्या एकुलत्या एका खोलीत सुनेचं ऑफिस. ती घरूनच काम करते, दिवसभर हेडफोन लावून परक्या माणसांच्या तक्रारी ऐकते आणि त्यांची समजूत काढते. तिला दार लावायला खोली हवी, मला जिना नको. मग मुलाने वर्कशॉप साफ केलं, फरशी बसवली, न्हाणीघर बांधलं, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. "आई, तुला तिकडे निवांत वाटेल," म्हणाला. मीही हो म्हटलं. सगळ्यांची सोय होत होती, त्यात माझीही.

आता माझा स्वभाव असा, की कामाशिवाय मी कुणाच्या दारात उभी राहत नाही. शेजारणींना हे माहीत आहे, शाळेतल्या बायकांना माहीत होतं. हा नियम एक दिवस माझ्याच घराच्या दाराला लागू होईल असं मात्र वाटलं नव्हतं. पण झाला. अंगण ओलांडून मागच्या पायऱ्या चढायच्या तर हातात काहीतरी निमित्त हवं, नाहीतर पाऊल उचलत नसे.

सुरुवातीला निमित्तं भरपूर होती. सकाळचा चहा घरात. पिण्याचं पाणी घरातून. माझी इंजेक्शनं घरातल्या फ्रिजमध्ये. मग सून विजेची किटली घेऊन आली. "सकाळी उठून कशाला एवढं चालायचं, आई?" मग पाण्याचा फिल्टर आला. मग गुडघ्याएवढा फ्रिज आला, त्यावर नातीने मांजरीचं स्टिकर लावलं. मग विजेची शेगडी आली आणि दुपारचं जेवण मी माझं माझं करायला लागले. प्रत्येक वेळी मी "कशाला उगाच" म्हटलं, आणि प्रत्येक वेळी वस्तू खोलीत आणि एक निमित्त बाहेर. मी मूर्ख, मला ते लाड वाटत होते.

एकच निमित्त शिल्लक राहिलं, ते म्हणजे नेट. माझी धाकटी बहीण दूर राहते, कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलीय. रोज संध्याकाळी ती मला व्हिडिओ कॉल करते. माझ्या पत्र्याखाली मोबाइलला रेंज मिळत नाही आणि घरचं वायफाय मागच्या पायरीपर्यंत येऊन जीव सोडतं. म्हणून मी संध्याकाळी फोन घेऊन घरात जायचे, जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि धाकटीशी बोलायचे. बोलता बोलता समोर कुणीतरी मटार ठेवायचं, ते सोलायचे. नात पाढे म्हणायची, त्यातले चुकलेले धाकटीच तिकडून दुरुस्त करायची. मुलगा कामावरून यायचा, शर्टाची बाही दुमडत धाकटीला "काय मावशी, पळायला लागलीस की नाही?" म्हणायचा. कॉल संपेपर्यंत पानं मांडली जायची आणि माझंही मांडलं जायचं. "जेवायला ये" असं मला कुणी कधी म्हटलं नाही, कारण मी तिथे असायचेच. दिवसभर मी त्या जेवणाची वाट बघत असायचे. दुसरं सगळं मी एकटीने निभावून न्यायचे, अगदी हसतमुखाने.

आणि मुलाने ठरवलं, की आईच्या खोलीत नेट द्यायचं.

आधी त्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलं. कुठूनतरी रिपीटर मागवला, वायफाय लांबवर पोचवणारी पांढरी साबणाच्या वडीएवढी वस्तू, आणि ती माझ्या पलंगाशेजारच्या प्लगमध्ये खोचली. लाल दिवा लागला तो लागलाच. रविवारची अख्खी सकाळ तो फोन हातात धरून माझ्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्यात फिरत होता. पलंगावरही चढला. मी मनातल्या मनात खूश होते. मग त्याने रिपीटर घरात नेऊन मागच्या खिडकीत लावला, तेव्हा माझ्या दाराच्या बाहेर उभं राहिलं तर नेट मिळायचं, आत पाऊल टाकलं की गायब. धाकटीचं तोंड अर्धं उघडं राहून गोठायचं. मी लगेच फोन उचलून घरात.

"जाऊ दे रे," मी मुलाला म्हटलं. "मला कुठे त्याची गरज आहे? मी येतेच ना रोज."

"म्हणून तर, आई," तो म्हणाला.

हे दोन शब्द मी गिळले, पण ते खाली उतरेनात.

शेवटी नेटवाला आला. खांद्यावर केबलचं वेटोळं, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं तर अखंड. "साहेब, मधे पत्रा आहे. पत्र्यापुढे रिपीटर काय करणार? सरळ केबल टाकू. पाइपातून, जमिनीखालून. आत दुसरा राउटर बसवू. काकूंना असं फास्ट नेट मिळेल की तुमच्या हॉलमध्ये पण मिळत नसेल." अंगण उकरायला सुरुवात झाली. घराच्या भिंतीपासून माझ्या दारापर्यंत एक सरळ चर पडला. मी खुर्ची टाकून बघत बसले. माझ्याच नवऱ्याच्या कुदळीने तो चर खणला जात होता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती, पण तोंडाला कुलूप. काय बोलणार? माणसं माझ्यासाठी राबत होती. मुलाने तर रजा घेतली होती, त्याच्या हाताला फोड आले होते.

सून चहा घेऊन आली. नेटवाल्याला कप दिला, मला दिला आणि चराकडे बघून हसून म्हणाली, "झालं बाई एकदाचं. आता तुम्हाला इकडे यायलाच नको."

ती वाईट बाई नाही. हे मी रागातही सांगते. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन ती संध्याकाळी स्वयंपाक करते, मला कधी उलटून बोललेली नाही. म्हणूनच मला जास्त राग आला. भांडकुदळ असती तर भांडता आलं असतं. या हसऱ्या बाईला काय म्हणू? तुझी किटली परत घे? माझं पाणी बंद कर? चहा मी तसाच कुंडीत ओतला आणि रिकामा कप तिच्या हातात दिला.

"गोड जास्त झाला का, आई?"

"नाही. पुरला."

दुपारनंतर नेटवाल्याने माझ्या भिंतीवर राउटर ठोकला. हिरवे दिवे लागले. मुलाने माझ्या फोनमध्ये पासवर्ड घातला, मग दोन पावलं मागे सरून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना तो असाच उभा राहायचा. मला काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "भिंतीला भोक जरा तिरकं पडलंय." तो भोकाभोवतीचा चुरा गोळा करून घेऊन गेला.

संध्याकाळी नात डबा घेऊन आली. स्टीलचा, तीन पुडांचा, कोरा करकरीत. म्हणजे हीही वस्तू आणून ठेवलेली होती. "आजी, आईने सांगितलंय गरम आहे तोवर खा," एवढं सांगून ती पळाली, तिचं कार्टून लागलं होतं. मी डबा टेबलावर ठेवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तेवढ्यात धाकटीचा फोन आला. ती इतकी स्पष्ट दिसत होती की तिच्या उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण दिसत होती.

"ताई, आज काही आवाजच नाही तुझ्याकडे," ती म्हणाली. "पाढे नाहीत, भांडी नाहीत. सगळे कुठे गेले?"

"घरात आहेत."

"आणि तू?"

मी तिला खोली फिरवून दाखवली. किटली, फिल्टर, फ्रिज, शेगडी, राउटर, डबा. तिच्या खोलीतही अगदी अशाच वस्तू आहेत हे मला तेव्हा दिसलं. पलंगाशी फ्रिज, उशाशी किटली.

"माझ्याकडे पण नेट फास्ट आहे," ती म्हणाली. "ताई, तुझे पाय अजून चालतात ना गं?"

मी फोन ठेवला. ठेवता ठेवताच तो पुन्हा वाजला. मुलाचा व्हिडिओ कॉल. मी घेतला तर समोर आमचं जेवणाचं टेबल. पानं मांडलेली, नात तोंडात घास धरून हात हलवतेय, सून वाढतेय, मुलाने फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला. माझ्या नेहमीच्या जागेवर नातीचं दप्तर होतं.

"बघ आई," तो म्हणाला, "किती मस्त दिसतेस. एकदाही अडकत नाही. उघड ना डबा, सगळे बरोबरच जेवू."

ही त्याची चूक. असली चूक आमच्याच घरात होऊ शकते. त्याला खरोखर वाटत होतं की तो मला जेवायला बोलावतोय. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. आणि मला संताप आला. या पोराला मी बोलायला शिकवलं होतं. मी आणि त्याच्या बापाने त्याला सगळं शिकवलं आणि मनातलं बोलायचं कसं तेवढं शिकवलं नाही, आता अंगण खणून केबल टाकतोय.

मी फोन पलंगावर टाकला. डबा उचलणार होते, तोही ठेवून दिला. चपला घातल्या आणि रिकाम्या हातांनी निघाले. चर नुकताच बुजवला होता, माती भुसभुशीत, पाय आत जात होते. मागच्या पायऱ्यांशी आले तेव्हा सवयीने थांबले, काय सांगायचं आत गेल्यावर, याचा विचार करत. काहीच सुचलं नाही. तशीच चढले.

आत तिघंही फोनकडे बघत होते. फोनमध्ये माझ्या खोलीचं छत दिसत होतं.

"आई? आई, दिसत नाहीयेस," मुलगा पडद्याला सांगत होता.

नातीने मला आधी पाहिलं. मग सुनेने. डाव हातात तसाच धरून ती अर्धवट वळली.

"काय झालं, आई? काही हवं होतं का?"

"काही नको," मी म्हणाले.

मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर काय काय येत होतं ते मला दिसत होतं. दिवा गेला असेल, पाणी तुंबलं असेल, नेट पडलं असेल. "मग? नेट बंद पडलं का?"

"नेट चालू आहे. सगळं चालू आहे. मला तिकडे काहीही कमी नाही, आणि यापुढे तुम्ही काहीही आणून दिलंत तर मी ते अंगणात फेकून देईन. मी काही घ्यायला आले नाहीये. मी रोज येणार आहे आणि काही काम नसताना येणार आहे. चालत नसेल तर आत्ता तोंडाने सांगा."

नातीचा घास तोंडातच. मला वाटलं, आता हा कपाटातून काहीतरी काढून देईल.

मुलगा माझ्या खुर्चीवरचं दप्तर उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. दप्तर पोटाशी धरून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं, तू फक्त फोनसाठी येतेस."