झरोक्याची टोपी

पेल्ले भुंकला नाही.

वल्ह्याचा पहिला आवाज आला की हा कुत्रा मोटारबोटीच्या कडेला उभा राहून सगळी खाडी डोक्यावर घ्यायचा. आज तोरुन खेकड्यांचे पिंजरे बघून छोट्या होडीतून परत आली, होडी बांधून बोटीवर चढली, तरी आत सगळं चिडीचूप होतं.

नोव्हेंबरचा वारा हिमनदीवरून थेट पाण्यावर उतरत होता. दोरखंड बर्फाने काठीसारखे ताठ झाले होते. केबिनच्या काचा मात्र आतून घामेजल्या होत्या. त्या पाहून तोरुनला बरं वाटलं. ऊब धरली म्हणायची. आजारपणापासून नवऱ्याच्या, आर्नेच्या, हाडांत थंडी जी शिरली ती निघायचं नाव घेत नव्हती, आणि छपरातल्या झरोक्यातून येणारा वारा नेमका त्याच्या मानेवर बसायचा. म्हणून तिने झरोक्याला लोकरीची टोपी विणली. दुहेरी धाग्याची, घट्ट. त्यांच्या पीटर्सबर्ग गावच्या बायका कुऱ्हाडीच्या दांड्यालाही मोजा विणतात. झरोक्याचं काय घेऊन बसलात. विणताना ती आपल्याशीच गुणगुणत होती,

एक टाका वाऱ्याला, दाराबाहेर थांब रे
एक टाका दर्याला, हळू हळू डोल रे
एक टाका धन्याला, उबेमध्ये नीज रे

सकाळी छपरावर चढून तिने ती टोपी ओढून बसवली, सुतळीने आवळली. खालून आर्ने म्हणाला होता, "तू एक दिवस समुद्रालासुद्धा स्वेटर घालशील."

"घालीन. आधी तू तुझा नीट घाल."

तिने केबिनचं दार उघडलं. गरम, जड हवा तोंडावर आली. रॉकेलच्या शेगडीची ज्योत निळी नव्हती. पिवळी, लांब, पेंगुळलेली होती. आर्ने बाकावर तोंड उघडं टाकून झोपला होता. पायाशी पेल्ले.

"आर्ने, ऊठ. पिंजरा भरून आलाय."

तो हलला नाही. तिने त्याचा गाल चिमटीत धरला. त्याने डोळे उघडले, कुणी परकी बाई बघावी तसं तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

तोरुनची नजर वर गेली. झरोक्यातून वाटीएवढं आभाळ दिसायचं. आज तिथे करडी लोकर होती. शेगडीचा विषारी वायू बाहेर जायची तेवढीच वाट, ती तिनेच बुजवली होती.

विचार मागाहून आला, हात आधी हलले. शेगडी विझवली. त्याच्या काखेत हात घालून ओढलं. त्याच्या खांद्याएवढी बाई ती, पण तिने त्याला उंबरा ओलांडून उघड्यावर आणलं. मग कुत्र्याला. दोघांना वाऱ्यात टाकलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. छाती हलत होती. ती हलायची थांबेल म्हणून तिला हात उचलता येईना.

बऱ्याच वेळाने आर्ने कुशीवर वळला आणि ओकला. पेल्ले लटपटत उभा राहिला, पुन्हा बसला.

"थंडी वाजतेय गं," आर्ने म्हणाला.

"वाजू दे."

"दार तरी लाव. सगळी ऊब चाललीय."

"जाऊ दे."

"डोकं फुटतंय. झालं काय?"

ती छपरावर चढली. सुतळीची गाठ बोटांना सुटेना, तिने दातांनी तोडली. टोपी हातात आली, अजून कोमट. आणि तेव्हा तिला आठवलं की आपण दोन विणल्या होत्या.

दुसरी लाल. सुनिवाची. लेक पलीकडच्या वळणाआड आपल्या बोटीवर एकटीच नांगर टाकून होती, आणि रविवारी तोरुननेच ती टोपी तिच्या हातात कोंबली होती: वाऱ्याला आत येऊ देऊ नकोस.

ती वायरलेसपाशी कशी पोचली ते तिला कळलं नाही. "सुनिवा." खरखर. "सुनिवा, बोल." खरखर. आर्ने दाराशी टेकून बसला होता. त्याने तिचा चेहरा पाहिला, मुठीतली टोपी पाहिली, उघडा झरोका पाहिला. हात लांबवून तिचा घोटा धरून ठेवला.

"सुनिवा!"

"काय गं आई, मासेसुद्धा पळतील. मागे पिंजरे ओढत होते."

"टोपी," तोरुन म्हणाली.

"कुठली?"

"झरोक्याची. लाल."

आवाज जरा ओशाळला. "रागावू नकोस हं. ती मी किटलीला घातलीय. अगदी मापात बसली. आई? रागावलीस?"

तोरुनने बटण दाबून धरलं होतं, पण वळणापलीकडे नुसता वारा गेला. आर्नेने तिच्या हातातून वायरलेस घेतला.

"नाही रागावली. तुझा झरोका उघडा आहे ना?"

"उघडाच आहे. मान नुसती आखडलीय."

"आखडू दे," बाप म्हणाला. "नांगर उचल आणि इकडे ये. मला गावात डॉक्टरकडे न्यायचंय."

मग लेक येईपर्यंत दोघं एका घोंगडीत बसली, मध्ये कुत्रा. आर्नेचे दात कडाकडा वाजत होते. तोरुन तो आवाज ऐकत राहिली, आणि दार मिटू नये म्हणून त्याला पाठ लावून बसली.