कापसात जन्मलेली पेटी

मी पेटी बोलतेय. गवयाच्या पुढ्यात असते ती नव्हे, स्पीकरची पेटी. एका गल्लीत एक गादीवाली राहत होती, तिला एक मुलगा होता, मुलाला बायको होती, आणि त्या तिघांच्या घरात पाय ठेवाल तिथं कापूस होता. त्या कापसात मी जन्मले. माझी जुळी बहीण दुसऱ्या दिवशी. मी डावी, ती उजवी.

जन्माचं मला सगळं आठवतं. दुपारची उन्हं आत आलेली आणि उन्हात कापसाचे तंतू तरंगताहेत, खाली यायची त्यांना काही घाई नाही. सूनबाईनं माझ्या फळ्या घासल्या, पोटात सासूच्या ढिगातला मूठभर कापूस भरला, मोठा स्पीकर बसवला, त्याच्या डोक्यावर बारीक, उंच सुरांचा छोटा बसवला, आणि एक गाणं लावलं. झोपेत कुणी अंगावरून हात फिरवावा आणि जाग येऊ नये, तसं काहीसं झालं. गाणारी बाई कुठली कोण, पण त्या घटकेला ती माझ्या आत राहत होती.

सूनबाईच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ही विद्या तिकडची. सासूला तिचं कौतुक नव्हतं.

"दोन खोल्यांचं घर," ती म्हणायची, "त्यातली एक हिच्या खोक्यांनी गिळली."

"आई, तुमच्या गाद्यांनी दीड गिळली," मुलगा हळूच म्हणायचा.

"गादीवर माणूस झोपतो. खोक्यावर झोपून दाखव!"

फोमच्या गाद्या आल्यापासून सासूचं गिऱ्हाईक आटलं होतं, आणि सूनबाईच्या आधीच्या तीन जोड्या धूळ खात पडल्या होत्या. शेवटी एका सकाळी सासूनं निकाल लावला. "ही चौथी जोडी. खपली तर खपली, नाहीतर टेबल आवर आणि दाभण हातात घे."

सूनबाई "बरं" एवढंच म्हणाली. पण मला पुसताना तिचा फडका एकाच जागी कितीतरी वेळ फिरत राहिला.

मुलगा गाद्या पोचवायला जायचा तिथून बातमी आली. आजारातून उठलेल्यांचं एक विश्रांतिगृह होतं, तिथल्या दालनात आणि बारा खोल्यांत स्पीकर बसवायचे होते. मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, ज्याला आणायचे त्यानं आणावेत, ऐकून ठरवू. तिथल्या गाद्या सासूच्याच हातच्या. त्यांचे टाके बघायचे म्हणून तीही आली. निदान ती तरी तसं म्हणाली.

मोठ्या दालनात आम्हाला ओळीनं मांडलं. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती. एका कडेला थोरली: उंच, काळी, आरशासारखी चमकणारी. तिच्या किमतीत माझ्या चार जोड्या आल्या असत्या. मधे नखरेवाली: सडपातळ, निळा दिवा लावलेली, सगळ्यांत स्वस्त. आणि मी, बिनपॉलिशची. ऐकायला बसले एक म्हातारे बँडमास्तर. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पट्ट्या बांधलेल्या. चमक काय नि दिवा काय, त्यांना सगळं सारखंच.

थोरलीचा विक्रेता टाय सावरत पुढं झाला आणि त्यानं जाता जाता आवाजाची खुंटी किंचित फिरवली.

"ए टायवाल्या, आवाज वाढवलास," बँडमास्तर म्हणाले.

"तुम्हाला टाय कसा दिसला?"

"दिसला नाही, बोलण्यावरून वाटला. हे बघ, मोठं ते कानाला आधी गोडच लागतं. आमच्यात ढोलवाला नेहमी त्यावरच भाव खायचा. तिघींना सारखं ठेव, मग बोलू."

सारखं ठेवलं. थोरली भरदार गायली. नखरेवाली नीटस गायली, पण कमरेखाली अंगच नाही असं वाटलं. मग माझी पाळी. मी गायला लागले आणि माझं मलाच कळेना हा कुणाचा आवाज. 'स' आला की सुई, टाळी आली की चटका.

"टोचतेय ही," बँडमास्तर कानावर हात ठेवून म्हणाले.

सूनबाईनं फरशी पाहिली, काचेच्या भिंती पाहिल्या. मग तिच्या लक्षात आलं. घरी चारी बाजूंनी कापूस. बारीक आवाज तो पिऊन टाकायचा, म्हणून तिनं माझा बारीक आवाज वाढवत नेला होता. फरशी नि काच काही पीत नाहीत, उलट दुप्पट करून परत देतात.

विक्रेता जिंकल्यासारखा वायरी गुंडाळायला लागला. तो काही बोलायच्या आत सूनबाई मेट्रनबाईंना म्हणाली. "बाई, या दालनात माझी चालणार नाही. इथं थोरलीच घ्या. मी गाद्यांच्या खोलीत जुळवलीये ही. चूक माझी."

मेट्रनबाई वहीत लिहिणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"अहो बाई, पण तुमची माणसं या फरशीवर झोपतात का?" सासू! पदर खोचून उभी. "स्पीकर खोल्यांत लावायचेत ना? मग खोलीत ऐका की! माझ्या गाद्या आहेत तिथं."

सूनबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? उचल उजवी, मी डावी घेते."

आणि त्या बाईनं मला कडेवर घेतलं.

खोली लहानशी. दोन खाटा, जाड पडदे, कापसाच्या गाद्या. खिडकीतून तेच सुस्त ऊन. थोरली तिथं घुमायला लागली, तावदानं थरथरली, शब्द चिखलात रुतले. नखरेवाली आणखीच किरटी झाली. मग मी. खोली माझ्या ओळखीची निघाली. जास्तीचं होतं ते गाद्यांनी पिऊन घेतलं, उरलं ते मऊ, उबदार गाणं. भिंती कुठं संपतात कळेना. सगळे कुठंतरी तरंगत होते, मीही.

"आत्ता तिनं श्वास घेतला," बँडमास्तर पुटपुटले. "माझ्या खाटेच्या कडेला बसलीये ती. मेट्रनबाई, ही बंद करू नका हं."

आणि ते गाणं संपायच्या आत झोपून गेले. मेट्रनबाई कुजबुजल्या, "दालनात थोरली. बाराही खोल्यांत ही. स्वतःच्या मालाचं वाईट सांगणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली."

मी अजून त्याच खोलीत आहे. माणसं येतात, बरी होतात, जातात. माझा एक कोपरा उडालाय, पण आवाज शाबूत आहे. तुम्हाला एवढंच मागते. आमच्यातली एखादी निवडायला निघालात, तर आवाज सारखा ठेवा, डोळे मिटा, आणि आपल्या स्वतःच्या खोलीत ऐका.

त्या घराचं म्हणाल तर बारा खोल्यांचं बोलणं गावभर झालं. आता रस्त्यावर त्यांची रुंद दाराची शेड आहे, चार बाया कामाला आहेत. गिऱ्हाइकाला सासू आधी विचारते, "खोली केवढी? पडदे आहेत का?" मग आत बघून हाक मारते, "सूनबाई, लहान खोली आहे गं, त्या हिशेबानं जुळव!"